फोटो नसलेली आई

भोरच्या बाजारपेठेत अब्बांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, पुढून लख्ख उजेड आणि आत गेलं की काळोख. भिंतीला टेकवलेले पत्रे, वाळत ठेवलेले बोर्ड, रंगाच्या डब्यांवर धरलेली साय आणि सगळ्यावर टर्पेंटाइनचा वास. नव्वदच्या दशकात तालुक्यातल्या बऱ्याचशा पाट्या अब्बांच्या हातच्या होत्या. किराणा माल, पिठाची गिरणी, दवाखाना, टेम्पोच्या पाठीवरचं 'आईचा आशीर्वाद', शाळेच्या भिंतीवरची बाराखडी. त्यांचा 'श' मला कुठल्याही गावात लांबूनच ओळखू यायचा. त्याचं शेपूट ते उगीचच जरा वर उचलायचे.

पाट्यांशिवाय ते फोटोवरून माणसं काढायचे. कुणाच्या तरी ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो लोक रुमालात बांधून आणायचे. अब्बा त्यावर बारीक चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तितकेच मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन भरत भरत तो माणूस भिंतीवर लावण्याएवढा करायचे. घरचे म्हणाले तर त्याला कोटही घालायचे. ज्यांनी जन्मात कोट घातला नव्हता असे कितीतरी लोक आमच्या दुकानातून कोट घालून घरी गेले.

मी पुण्याला चित्रकलेचा कोर्स केला आणि परत आले. मुलांच्या मासिकांतल्या, पुस्तकांतल्या गोष्टींना चित्रं काढायचं काम मिळायला लागलं. दुकानाच्या दर्शनी भागात, उजेडाच्या बाजूला, अब्बांनी मला टेबल टाकून दिलं. माझ्या कामाला ते 'बारीक काम' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती हे मला नीट कळायचं नाही.

गोष्ट पोस्टानं यायची. मी ती वाचून बाजूला ठेवायची आणि काही दिवस तिच्याकडे बघायचीच नाही. त्यातून जे डोळ्यांपुढे उरायचं ते पेन्सिलीनं उतरवायची. मग तो कच्चा कागद दुकानाच्या काचेच्या दाराला चिकटवायचा, त्यावर चांगला कागद धरायचा आणि पलीकडून येणाऱ्या उन्हात रेषा गिरवून घ्यायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्यांना मी काचेला नाक लावून उभी दिसायची. शेवटी टाक आणि काळी शाई. पावसाळ्यात मात्र कागद दमट व्हायचा, शाई फुटायची, रेषेला मिशा यायच्या. मग अम्मी मध्ये सुती कापड घालून कागदांना इस्त्री करून द्यायची आणि म्हणायची, "घरातल्या माणसांचे कपडे चुरगळलेले चालतात, हिच्या कागदांना घडी नको."

छापून झालं की मूळ चित्रं परत यायची, कडेला छापखान्याच्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा घेऊन. ती कपाटात टाकायचं माझ्या जिवावर यायचं. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी मी दुकानाच्या दारात सुतळी बांधायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी नवी चित्रं तिला टांगायची. बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहायची.

"विकायला हाय का?"

"नाही हो."

"मंग टांगलंय कशाला?"

"बघायला."

हे उत्तर काहींना पटायचं, काहींना नाही. पण ज्यांना पटायचं ते मग विचारत बसायचे. हे आधी काय काढलं, हा काळा रंग कसा केला, पाऊस काढताना कागद पांढरा कसा सोडला. मी सगळं सांगायची, कच्चे कागदसुद्धा दाखवायची. नंतर माझी चित्रं शहरातल्या मोठ्या दालनांतही लागली, पण तिथं कुणी पिशवी खाली ठेवून बघितलं नाही.

श्रावणातल्या अशाच एका बाजारी एक बाई दारात थांबली. वय पन्नाशीच्या आसपास, नऊवारी, हातात मिरच्या आणि लसणाची पिशवी. त्या आठवड्यात बेडकाच्या एका गोष्टीची चित्रं टांगलेली होती. बेडूक पुढं मोठा होता आणि मागे लांबवर, इरलं पांघरून वाकलेल्या, भात लावणाऱ्या बायका. बाईनं बेडकाकडे पाहिलंही नाही. ती मागच्या बायकांतल्या एकीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कोण हाय?"

"कुणी नाही, मावशी. मनानं काढली."

"मनानं काढता येतंय?"

"थोडं पाहिलेलं असतं, थोडं मनाचं."

ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग पिशवी खाली ठेवून आत आली आणि म्हणाली, "मंग माझी आई काढशील?"

मी तिला बसायला स्टूल दिलं. हळूहळू सगळं कळलं. तिचं सासर भाटघरच्या बाजूला, माहेर वेल्ह्याकडे, राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याच्या अंगाला. तिथं धरणाचं काम चालू होतं. माहेरचं घर पाण्याखाली जाणार होतं आणि भावाला नसरापूरच्या बाजूला जागा मिळाली होती. वडील मुंबईला गोदीत होते, त्यामुळे त्यांचा एक फोटो घरात होता. आई मात्र ही सहा-सात वर्षांची असतानाच तापानं गेलेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

"जुन्या घरात तिचं काय न्हाई म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. "तिनं लिपलेली भित हाय, तिचं जातं हाय. भित तर बुडणार. नव्या घरात बापाचा फोटू लागंल एकट्याचा. पुढची पोरं म्हणतील, ह्यास्नी बायकूच नव्हती."

अब्बा आतून ब्रश पुसत बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई," ते म्हणाले, "फोटू असल्याशिवाय मला एक चौकोन बी भरता यायचा न्हाई."

"तुमाला न्हाई, पेंटरभाऊ. हिला म्हणतेय मी. ही मनानं काढती."

मी हो म्हणून बसले. ती गेल्यावर अब्बा माझ्यावर चिडले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पण ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले की समजायचं. "बेडूक चुकला तर बेडूक काय तक्रार घेऊन येत न्हाई. ह्या बाईला दुसरीच कुणीतरी आई म्हणून दिलीस, आणि तिनं ती मानून घेतली, तर? हाय ती आठवण बी पुसंल."

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं, पण शब्द दिला होता.

पुढच्या बाजारी ती आली तेव्हा मी कागदावर नुसती नाकं काढून ठेवली होती. बसकी, सरळ, फुगीर, टोकाशी वळलेली. दुसऱ्या कागदावर डोळे, तिसऱ्यावर जिवण्या. मला वाटलं होतं, निवडून निवडून चेहरा जुळवत नेऊ. ती प्रत्येकावर बोट ठेवायची, थांबायची आणि म्हणायची, "असंच व्हतं वाटतं." पुढच्यावरही तेच. मी जुळवून एक चेहरा काढला. ती म्हणाली, "ही चांगली हाय." मी कपाळ लहान करून दुसरा काढला. "ही बी चांगली हाय."

असे दोन-तीन बाजार गेले. सुतळीवरची चित्रं मी बदलली नाहीत, मासिकाचं एक काम राहून गेलं. एके दिवशी ती त्या चेहऱ्यांकडे बघत बसली. पदराचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाली, "पोरी, खरं सांगू का? मला तिचं तोंडच आठवत न्हाई. इतकी वर्सं वाटायचं, आठवतंय. तू इचारायला लागलीस तवा कळलं, न्हाई आठवत."

आणि ती रडायला लागली. बाजार चालू होता, बाहेर भाजीवाले ओरडत होते. अब्बांनी समोरच्या टपरीवरून चहा आणला, तिच्या हातात कप दिला आणि आपण उभे राहिले. चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिला बघितलेलं आणखी कोण हाय?"

"चुलती हाय. लई म्हातारी झाली. माहेरीच असती, भावापाशी."

"मग हितं काय करताय दोघी?" अब्बा म्हणाले. "तिकडं जावा."

आम्ही गेलो. भोरहून एसटीनं चेलाडी फाट्याला, तिथून वेल्ह्याच्या गाडीनं मार्गासनीला, आणि पुढं माणसं भरून निघणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मांडीवर ड्रॉइंग बोर्ड धरून. पाऊस उघडला होता. भात पोटऱ्यात आलं होतं आणि दोन्ही बाजूंना इतकं हिरवं होतं की माझ्याकडे शाई फक्त काळी आहे याचं मला वाईट वाटलं. मधेच डोंगर उकरलेला दिसायचा, लाल मातीचे ढीग, डंपर. ती मावशी त्या बाजूला बघत नव्हती.

घर निम्मं मोकळं झालेलं होतं. गोठ्याची कौलं उतरवून अंगणात रचून ठेवली होती. भाऊ तिच्याहून थोडा मोठा, कमी बोलणारा. त्यानं मला बापाचा फोटो आणून दाखवला. गोदीच्या पासावरचा, एका कोपऱ्यावर शिक्का उमटलेला. आम्ही आईचं काढायला आलोय म्हटल्यावर तो म्हणाला, "आई उंच व्हती. चांगली उंच."

ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या चुलतीनं मान वर केली. "उंच? माझ्या खांद्याला लागायची. तू ल्हान व्हतास म्हणून ती उंच."

बहीण हसली. भाऊही हसला. मी पेन्सिल काढली आणि आजींना विचारायला सुरुवात केली. नाक कसं, डोळे कसे. त्या वैतागल्या. "नाकाला काय बगायचं? आमी दोघी जावा, दिवसभर कामात. मी काय तिच्या तोंडाफुडं आरसा धरून बसले व्हते?"

"मग काय आठवतं तुम्हाला, आजी?"

त्यांना मोतीबिंदू होता. त्या माझ्या आवाजाच्या रोखानं बघत होत्या. मग पुतणीला म्हणाल्या, "सूप आण. आन मूठभर तांदूळ."

सूप आलं. आजी ओट्यावरून सरकत सरकत उंबऱ्याशी आल्या. एक गुडघा उभा केला, दुसरा पाय मुडपून घेतला, सूप उभ्या गुडघ्याला टेकवलं. मान खाली, पण डावीकडे जराशी कललेली. बोटं तांदळात फिरायला लागली.

"ती अशी बसायची," त्या म्हणाल्या. "डोळा सुपात आन ह्यो कान दाराकडं. पोरं हिरीकडं गेली का काय, ते कानानं राखायची. उठायला लागू नये म्हणून."

माझ्या शेजारी बसलेल्या मावशीनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, मला पेन्सिल हलवता येईना. "अशीच," ती म्हणाली. "अगं, अशीच बसायची. मी हितून पळत जायची आन ती न बगता वरडायची, हिरीकडं न्हाई जायाचं!"

मी मनगट सोडवून घेतलं आणि काढायला लागले. आजी एकसारख्या बोलत होत्या. पदर असा खोचलेला असायचा. केस लई दाट, अंबाडा मानेवर उतरायचा. हातात काचेच्या बांगड्या, एक कायम पिचकलेली. "आन ह्या कानाची पाळी फाटली व्हती," त्यांनी स्वतःचा दाराकडचा कान पकडून दाखवला. "ह्यानंच वढली. तान्हा व्हता. कुडी धरली आन वढली. रगात आलं तरी हसत व्हती."

भाऊ दारातच उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. तो अंगणात गेला, रचून ठेवलेल्या कौलांवरची दोन-चार कौलं उगीच सारखी करत राहिला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. त्यानं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

त्या दिवशी मी वही भरून कच्चं काढलं. पण दुकानात परत येऊन पक्कं करायला बसले तेव्हा जमेना. बसण्याची ढब बरोबर यायची, पण कागदावर ती आजीच दिसायची, ऐंशीच्या घरातली. तिचं वय उतरवायला गेले की ढब बिघडायची. तरुण बाईचे खांदे काढले की मान खोटी वाटायची. मी कागद फाडत राहिले. शेवटी लक्षात आलं की मी चेहऱ्यापासून सुरुवात करतेय. मग आधी सूप काढलं. सुपाच्या खाली गुडघा, गुडघ्यावरून हात, हातावरून खांदा, आणि सगळ्यात शेवटी मान. चेहरा सुपावर झुकलेला, त्यामुळे दिसत होतं ते कपाळ, भांग, गालाची एक कड आणि आपल्या बाजूला वळलेला तो फाटक्या पाळीचा कान. नाक मी एका रेषेत सोडून दिलं. तांदळाला शाई लावलीच नाही. तिथं कागदच ठेवला.

अब्बा माझ्या पाठीमागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी चित्राबद्दल काही म्हटलं नाही. म्हणाले, "बापाचा फोटू मागवून घे. दोघं शेजारी लागणार. त्याला तैलरंगात केला तर ही फिकी पडंल."

मग अब्बांनी त्या गोदीच्या पासावर चौकोन आखले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलावर बसून माझ्या शाईनं काम केलं. शाई त्यांना पातळ वाटायची, हात रंगाच्या दाटपणाला सरावलेला. पाणी किती घालायचं, कागद ओला असताना थांबायचं कुठं, हे ते मला विचारायचे, आणि मला लाज वाटायची. पण त्यांना वाटत नव्हती. दोन दिवस आम्ही बाप-लेक एकाच दिव्याखाली, ते नवरा काढताहेत आणि मी बायकोच्या पदराच्या चुण्या. अम्मी डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "लग्न लावताय का काय त्यांचं?" बापाला कोट घालू का म्हणून अब्बांनी निरोप पाठवला होता. नको म्हणून उत्तर आलं.

काच-फ्रेम करून ठेवलेली चित्रं न्यायला बहीण-भाऊ दोघं आले. भावानं बापाचं चित्र हातात घेतलं, समाधानानं मान हलवली. आईचं बघितलं आणि थबकला. "ही खाली बगतीय," तो म्हणाला. "भितीवरचं माणूस समूर बगतं. उदबत्ती कुणाला ववाळायची, सुपाला?"

मी काही बोलणार तेवढ्यात बहीण म्हणाली, "आपल्याकडं बगत बसायला तिला सवड कुठं व्हती, दादा?"

त्यानं चित्र परत हातात घेतलं. कानाजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. मग म्हणाला, "काचंवर डाग हाय," आणि खांद्यावरच्या उपरण्यानं नसलेला डाग बराच वेळ पुसत राहिला.

ती माणसं नव्या जागेत राहायला गेली तेव्हा आम्हाला जेवायला बोलावणं आलं. अब्बा सहसा असं कुणाकडे जात नसत, पण आले. सिमेंटच्या दोन खोल्या, वर पत्रा, समोर अजून न लावलेलं झाड मुळाला पोतं गुंडाळून ठेवलेलं. भांडी पोत्यांतच होती, पण दोन्ही फ्रेमा लागलेल्या होत्या. नव्या गिलाव्यात खिळा बसत नव्हता म्हणे, तीन ठिकाणी भोकं पडली होती.

आजी बाजेवर बसल्या होत्या. आल्यापासून कुणाशी बोलत नव्हत्या, त्यांना ती जागा आवडली नव्हती. मावशीनं आईची फ्रेम उतरवली आणि त्यांच्या हातात दिली. आजी उठल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या आणि फ्रेम उजेडात डोळ्यांशी धरली. जवळ नेली, लांब नेली. घरात सगळे थांबले होते. मी अब्बांकडे बघितलं, ते चपलांकडे बघत होते.

"तोंड तिचं न्हाई," आजी म्हणाल्या.

मावशीनं फ्रेम परत घ्यायला हात पुढं केला.

"पर बसलीया तीच." त्यांनी फ्रेम छातीशी धरली आणि तिथंच दारात खाली बसल्या. "म्होरं जाऊन बसलीया, बया. मला आपलं मागनं यायचं."

मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बराच वेळ दोघी दारात बसून होत्या, फ्रेम मांडीवर घेऊन, कधीतरी काहीतरी एकमेकींना सांगत. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. जेवायला थोडा उशीर झाला. भाजी, तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी. भावानं अब्बांना आग्रह करकरून वाढलं.

परत येताना जीपमध्ये गर्दी होती. आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. अब्बा बाहेर बघत होते. हायवेजवळ एका दुकानावर फ्लेक्सचा नवा बोर्ड लागला होता, फोटोंसकट, रंगीत. त्या काळात असे बोर्ड एकेक करून दिसायला लागले होते आणि अब्बा त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "तांदळाला शाई लावली न्हाईस ते बरं केलंस."

मी वाट बघितली, पण तेवढंच. मग त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली आणि ते झोपी गेले. फाटा आला तेव्हा उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण भोरची एसटी समोर उभी होती.